सेब म्हना

धडधाकट माणसाला काशिनाथअप्पा सफरचंद विकत नसत.

लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, त्यांचा फळांचा गाडा होता. पेरू, मोसंबी, केळी ज्याला हवी त्याने घ्यावीत. पण सफरचंदाच्या पेटीकडे कुणाचा हात गेला की अप्पा तागडी खाली ठेवत आणि विचारत, "कोन बिमार हाय?" कुणी नाही असं उत्तर आलं तर पेटीवर पोतं ओढत. "मग पेरू घ्या की. चांगल्या मानसानं चावून खावं. ह्ये दवाखान्याचं फळ हाय."

तसं त्यांचं फार चुकत नव्हतं. त्या काळी आमच्याकडे सफरचंद सहज कुणी खात नसे. पिशवीत दोन दिसली तर समोरचा विचारी, "कोणत्या वॉर्डात?" मी पहिलं सफरचंद खाल्लं ते लहानपणी टायफॉईड झाला तेव्हा, आणि बरा झाल्याचं मला थोडं वाईटच वाटलं होतं.

अप्पांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे आणि जिभेवर निजामाच्या शाळेतलं चार इयत्तांचं उर्दू. त्या चार इयत्तांच्या जोरावर त्यांनी गाड्यापुढे 'सफरचंद' या शब्दालाच बंदी केली होती. कुणी चुकून म्हटलं तर ओठांवर बोट ठेवत. "सेब म्हना, सेब! सफर म्हंजे प्रवास. चंद म्हंजे थोडा. पलंगावर पडल्याल्याच्या उशाला बसून तुमी सांगनार, घे बाबा, थोडाच प्रवास ऱ्हायलाय? काही अक्कल?"

मी कॉलेजातला ग्रंथपाल. मला राहवेना. शब्दकोश काढून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की हा शब्द एका अरबी फळाच्या नावावरून आलेला असावा, प्रवासाचा त्याच्याशी संबंध नाही.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा कोश कदी दवाखान्यात पडला व्हता का, सर?"

"नाही."

"मग त्याला काय कळतंय?"

त्यांना हरवलं ते शेजारच्या घड्याळवाल्या रहीमभाईंनी. एकदा ते डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाले, "अप्पा, सेब के आगू 'आ' लगाए तो आसेब होता जी. आसेब बोले तो भूत!" अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक सूचना जास्त मिळू लागली. "फोड भरवताना 'आ कर' म्हनू नका बरं का. 'तोंड उघड' म्हना."

अशात लातूर जिल्हा झालं. कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे साहेब आले. एका साहेबांच्या पत्नीने एकदम दोन किलो सफरचंदं मागितली. अप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई घाईत होत्या. "आमच्याकडे सगळ्यांनाच लागतात हो," म्हणाल्या. अप्पांनी मुकाट्याने दोन किलो मोजून दिली, आणि संध्याकाळी सिद्धेश्वराचा अंगारा घेऊन क्वार्टरवर समाचाराला गेले. साहेब अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होते.

"सायेब, उठलाव कशाला?" अप्पा फाटकातूनच ओरडले. "पडून ऱ्हावा!"

गैरसमज दूर झाला, चहा झाला, बशीतून फोडीही पुढे आल्या. अप्पांनी हात जोडले, पण फोड घेतली नाही. मला सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. "लोक चांगले हायेत, सर. पर बिमारी नसताना खायलेत. हसत हसत!"

जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं तेव्हा लोक म्हणत. पाऊस झाला नव्हता. नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा लक्षात ठेवावा लागे. काश्मीरहून येणाऱ्या पेट्यांत सफरचंदांभोवती भाताचं वाळलेलं गवत असायचं. मुरुडकडची एक बाई तेवढं गवत मागायला आली. तिची म्हैस बसली होती, उठत नव्हती. अप्पांनी सगळ्या पेट्यांतलं गवत तिच्या पदरात घातलं. जाताना तिलाही तेच म्हणाले जे सगळ्यांना म्हणत. "बरं वाटलं की सांगायला या."

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. सांगायला मात्र कुणी येत नसे. गाड्यासमोरून ओळखीचं कुणी गेलं की अप्पांची मान त्याच्यामागे वळायची, तो वळून बघायचा नाही, आणि अप्पा पुन्हा पेरू पुसू लागायचे.

ती बाई मात्र आली. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, लांबूनच हात वर करून ओरडत. "अप्पा, म्हस उठली!" अप्पांनी त्या दिवशी दिसेल त्याच्या हातात पेरू ठेवला. मला दोन मिळाले.

त्याच वर्षी माझ्या अक्काला दवाखान्यात ठेवावं लागलं. अक्का माझी थोरली बहीण. तिनेच मला वाढवलं, आणि घरात आम्ही दोघंच होतो. रोज संध्याकाळी मी गाड्यावर जाई. अप्पा पेटीतली सगळी फळं हुंगून बघत, एक निवडून धोतराला पुसत आणि विचारत, "आज जेवली का अक्का?" मी अक्काला त्यांचा नियम सांगितला तेव्हा ती पुष्कळ दिवसांनी हसली. फोडीला मीठ लावत म्हणाली, "सांग त्येला, मी सफरीला तयारच हाय. पर वाटंत पानी न्हाई म्हनं."

हे मी अप्पांना सांगितलं नाही.

अक्का गेली, आणि मी गोलाईचा रस्ता सोडला. कॉलेजला मागच्या गल्लीतून जायचो. लांब पडायचं. अप्पा विचारतील, आणि मला ते तोंडाने म्हणावं लागेल, एवढ्याच भीतीने दोन महिने काढले. मग एका संध्याकाळी गेलो.

त्यांनी काही विचारलं नाही. तागडी खाली ठेवली.

"अक्का गेली, अप्पा."

"हाव." त्यांनी पेटीवरचं पोतं सारखं केलं. "गेल्यालं सांगायला तुमीच पयले आलाव, सर. बरा झाल्याला मानूस इसरतोय, अन् ज्याच्या घरचं गेलं त्यो गल्ली बदलतोय. मला आपले सगळे अजून पलंगावरच दिसतेत."

मग मी अक्काचं ते वाक्य सांगितलं. अप्पा हसले, आणि उपरण्याने डोळे पुसत राहिले. "सफरचंद," ते हळूच म्हणाले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून असा कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी पेटीवरचं पोतं बाजूला केलं, एक निवडलं, पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"कशाला, अप्पा? घरी आता कुणी आजारी नाही."

"हाय की," ते म्हणाले. "घ्या. अन् बरं वाटलं की सांगायला या."

त्याला फार दिवस लागले. मधे एक पावसाळा चांगला झाला. रस्त्यात मोठ्याने बोलायची मला सवय नाही. ग्रंथालयात आयुष्य गेलेलं. पण त्या सकाळी गोलाईत शिरलो, गर्दीपलीकडे तो गाडा दिसला, आणि मी लांबूनच हात वर करून ओरडलो, "अप्पा, उठलो!"