मांजरांचं उष्टावण

समोरून प्रमिलाताई सोहोनी येताना दिसल्या, की आमच्या नाक्यावरचा फळवाला कलिंगडांवर ताडपत्री ओढतो. ताई कलिंगड वाजवतात, हुंगतात, उजेडाकडे धरतात आणि शांतपणे म्हणतात, "रिजेक्ट." मग दुसरं. तिसऱ्यापर्यंत फळवाल्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो.

मानपाड्याच्या एका औषध कंपनीत ताई क्वालिटी कंट्रोलला होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहतात. माझ्या बायकोच्या इडल्या त्यांनी दोनदा परत पाठवल्यात. लग्न का नाही केलं, असं एका धीट बाईने विचारलं, तर म्हणाल्या, "आलेला माल स्पेसिफिकेशनमध्ये बसत नव्हता."

अशा बाईच्या घरात चार मांजरं कशी शिरली, ही गोष्ट आमच्या चेअरमनपासून सुरू होते.

गेल्या गणपतीआधी चेअरमन भोईरशेठनी स्वच्छता मोहीम काढली. फ्लेक्स आधी लागला, झाडू नंतर आले. स्टोअररूमकडे एक करडी मांजर सारखी जाते, हे शेठना अस्वच्छतेचं लक्षण वाटलं. त्यांनी तिला गोणीत घातलं आणि टेम्पोतून आंबिवलीला सोडून आले. "तिकडं मोकळी जागा हाय, खूश राहील," असं ग्रुपवर जाहीरही केलं. दुपारी स्टोअररूममधल्या मखराच्या खोक्यातून बारीक, चिरका आवाज यायला लागला. आत चार पिल्लं होती. डोळे नुकते कुठे उघडलेले.

"मना काय ठाव, तिला पोरं हायत!" म्हणत शेठ टेम्पो घेऊन उलटे धावले. संध्याकाळी परतले ते एक करडं मांजर घेऊनच. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. नीट पाहिलं तर तो बोका होता.

तोवर खोक्याभोवती सगळी सोसायटी गोळा झाली होती. कोणी गाईचं दूध आणलं, कोणी कापसाची वात. एका काकूंनी एक पिल्लू तान्ह्या बाळासारखं उताणं धरून चमचा पुढे केला, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "थांबा! उताणं नाही! दूध फुफ्फुसात जाईल!"

प्रमिलाताई खाली आल्या. "गाईचं दूध रिजेक्ट. वात रिजेक्ट. ही गर्दी तर आधी रिजेक्ट." आणि खोकं उचलून वर निघाल्या. वळून मला म्हणाल्या, "शिरीष, बघत काय राहिलास? गरम पाण्याची पिशवी आण."

त्या दिवसापासून मी ताईंचा प्रयोगशाळा सहायक झालो. जनावरांच्या डॉक्टरांकडून पिल्लांच्या दुधाची पावडर आणि चिमुकल्या बाटल्या आल्या. पिल्लांचं रोज वजन करायचं. दूध मनगटावर टाकून पाहायचं. पिल्लाला पालथं, चार पायांवर ठेवून पाजायचं. मग पाठ थोपटायची. मग कोमट ओल्या कापसाने त्याचं बूड पुसायचं, कारण आई चाटत नसेल तर त्याला शू-शी सुद्धा जमत नाही. ही शेवटची कामगिरी कायम माझ्याकडे असे. "तुझा हात हलका आहे," ताई म्हणत. इतक्या वर्षांच्या शेजारात माझी पास झालेली ही पहिली गोष्ट.

नावं ठेवायला बंदी होती. ए, बी, सी, डी, बस्स. "सॅम्पलला नाव द्यायचं नसतं. नाव दिलं की तपासणाऱ्याचं मन आधीच पास करून टाकतं."

पण सोसायटीला कोण आवरणार? लिफ्टमध्ये लोक एकमेकांना "आज किती ग्रॅम?" असं विचारायला लागले. ज्यांची पार्किंगवरून बोलणी बंद होती, तेही बोलायला लागले. सर्वांत बारकी डी एक दिवस दूधच घेईना, तर भोईरशेठ ताईंच्या तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर डोकं धरून बसले. दुपारी तिने बाटली ओढली. शेठनी सोसायटीत पेढे वाटले.

मग दात आले. पिल्लं बाटलीची रबरी बुचं चावून फाडायला लागली. "आता ताटली," ताई म्हणाल्या. माझी बायको सहज बोलून गेली, "मग ताई, उष्टावण करायला हवं."

मी डोळे मिटून 'रिजेक्ट'ची वाट पाहिली. ताई चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "उष्टावणाला मामा लागतो. पहिला घास मामाने द्यायचा."

ताईंना भाऊ नाही.

"शिरीष," त्या चष्म्याकडेच बघत म्हणाल्या, "रविवारी मोकळा आहेस का?"

रविवारी हॉलवर फ्लेक्स लागला. 'भव्य मार्जार उष्टावण सोहळा.' मध्ये हात जोडलेले भोईरशेठ, पुरुषभर उंच. खाली, एरवी शुभेच्छुक असतात तिथे, चार पिल्लं. शाल होती, नारळ होता, माईक होता. पाटावर चांदीच्या वाटीत दुधात कालवलेला मांजरांचा मऊ खाऊ. शेठनी "आज या ठिकाणी" एवढं म्हटलं आणि मी पहिला घास पुढे केला.

ए वाटीत चालत गेली. बी वाटीत बसला. सीने खाता खाता असं काही गुरगुरायला सुरुवात केली, की पुढची रांग मागे सरकली. मग खाऊने माखलेला बी शेठच्या पायजम्यावरून चढत थेट शालीपर्यंत गेला आणि भाषण तिथेच संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीच्या इतिहासातलं ते सर्वांत छोटं आणि सर्वांत चांगलं भाषण होतं.

डीने मात्र तोंड फिरवलं. ताईंच्या मांडीवर चढून ती त्यांचा अंगठा चोखत बसली.

"रिजेक्ट," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता.

ए आणि सीला कल्याणात घरं मिळाली. बी शेठनी नेला. "मीच तेची आय घालवली, मीच पोसनार." डी माझ्या बायकोच्या ठाण्याच्या मैत्रिणीला, नीताला कबूल केली होती. ताईंची अट एकच, ताटलीतून आपलं आपण खाल्लं पाहिजे.

नीता दर रविवारी टोपली घेऊन यायची. ताई गंभीरपणे ताटली मांडायच्या, डी तोंड फिरवायची. "अजून बाटलीवरच आहे. रिजेक्ट." नीता रिकामी टोपली घेऊन परत. विशेष म्हणजे, परीक्षेत सारखी नापास होणारी ही मुलगी फुगत चालली होती. पोट तर तबल्यासारखं.

परवाच्या रविवारी आम्ही नवराबायकोही तिथे होतो, आणि तेच झालं. मी पाणी प्यायला ताईंच्या स्वयंपाकघरात गेलो, तर कुठून तरी कुरुमकुरुम आवाज. वॉशिंग मशीनमागे वाकून पाहिलं. डी चांगल्या ऐसपैस ताटलीतून कोरडा, कडक खाऊ फोडत होती. म्हणजे बाहेर ती तोंड फिरवायची, ते पोट भरलेलं असल्यामुळे.

मागे वळलो. दारात ताई उभ्या होत्या. कलिंगडवाल्याला घाम फोडणाऱ्या त्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"शिरीष," त्या हळूच म्हणाल्या, "खोटा रिपोर्ट मी आयुष्यात कधी दिला नव्हता रे."

बाहेरून नीताने विचारलं, "काय ताई, आज तरी पास का?"

ताईंनी पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, "तिच्या मामाला विचार."

मी बाहेरच्या खोलीत आलो, तशी डीही माझ्या पायाला अंग घासत बाहेर आली. मिशांना खाऊचा चुरा. नीता तिच्याकडे पाहत होती, बायको माझ्याकडे.

"रिजेक्ट," मी म्हणालो. "हा माल बाहेर पाठवण्यासारखा नाही. कधीच नाही."

नीता खुळी नाही. तिने ताईंकडे एकदा पाहिलं, हसली आणि टोपलीचं झाकण लावलं.

आम्ही बाहेर पडलो, ताईंनी दार लोटलं. चप्पल घालताना आतून आवाज आला, अगदी हळू, पण स्पष्ट.

"ठमे, बाई, निदान मिशा तरी पुसायच्यास की गं."