सामानापाशी कोणीतरी बसायला हवे

मनुष्य प्रवासाला निघतो तो जग पाहण्यासाठी, असा एक समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. प्रत्यक्षात तो निघतो आपले घर जगाला दाखवण्यासाठी. आणि घर जसेच्या तसे उचलून नेता येत नाही, केवळ या अडचणीपोटी बॅग नावाची वस्तू अस्तित्वात आली. प्रवासाची इतर अंगे, म्हणजे स्थळे, देखावे, हवापालट वगैरे, ही बॅग कोठेतरी नेऊन ठेवायची म्हणून शोधलेली निमित्ते होत.

हे तत्त्व आमच्या थोरल्या काकांइतके सखोल समजलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. काका एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडार विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत भांडारातली एकही वस्तू कमी पडली नाही. (मागणाऱ्याला ती मिळाली की नाही, हा वेगळ्या विभागाचा प्रश्न होता.) त्यांची मुलगी दंतवैद्य आहे आणि समोरच्याचे तोंड उघडे असतानाच निर्णय सांगून टाकण्याची तिला सवय आहे. तिने एके दिवशी आईवडिलांना जलपर्यटनाची तिकिटे काढल्याचे जाहीर केले. ती स्वतः येणार होती आणि मलाही सोबत घेण्यात आले. नाते चुलतभावाचे होते, काम उचलण्याचे होते.

जहाज कंपनीने सामानाविषयी एक सूचनापत्रक पाठवले. त्याचा आशय असा : कपडे मोजके आणावेत, औषधे हाताशी ठेवावीत, बाकी सर्व जहाजावर आहे. काकांनी ते चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"बाकी सर्व म्हणजे काय काय, हे कुठे लिहिलंय?" त्यांनी विचारले.

"अहो बाबा, सर्व म्हणजे सर्व," दंतवैद्य म्हणाली.

"भांडारात मी जन्म काढला. 'सर्व आहे' असं जो सांगतो ना, त्याच्याकडे सुई नसते."

त्यानंतर काकांनी घरातील वस्तूंचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण केले. पहिला वर्ग, लागणाऱ्या वस्तू. दुसरा वर्ग, लागू शकणाऱ्या वस्तू. तिसरा वर्ग, मुळीच न लागणाऱ्या, परंतु नेल्या नाहीत तर हमखास लागणाऱ्या वस्तू. जाणकारांच्या मते कोणत्याही सुसंस्कृत कुटुंबाच्या सामानात तिसऱ्या वर्गाचे प्रमाण तीनचतुर्थांशाहून कमी असू नये. काकांनी हे प्रमाण लीलया ओलांडले.

येथे काकूंचा परिचय करून देणे आवश्यक आहे. काकू शिवणकाम करतात. परिसरातल्या निम्म्या शाळकरी पोरांचे गणवेश त्यांच्या मशीनखालून गेलेले आहेत. परंतु कुटुंबात त्यांची ख्याती आहे ती सामानापाशी बसणाऱ्या म्हणून. आजवरच्या प्रत्येक सहलीत हे पद त्यांनी एकमताने व बिनविरोध भूषवले. (मतदान झाले नव्हते.) त्यांनी धबधबा ऐकला आहे. किल्ल्याचे वाहनतळ त्यांना तोंडपाठ आहे. एका प्रसिद्ध संग्रहालयाविषयी विचारले, तर तेथील बाकाची पाठ सरळ असल्याने कंबर दुखते, अशी दुसऱ्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत न आढळणारी माहिती त्या देतात. "काकू आहेत ना, मग सामानाची काळजी नाही," हे वाक्य आमच्या घरात कौतुकाचे समजले जाते.

म्हणूनच, तिकिटे आल्याच्या संध्याकाळी चहाचे कप गोळा करता करता काकू जे बोलल्या, ते आम्ही त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

"या वेळी मी सामानापाशी बसणार नाही," काकू म्हणाल्या. "बोट सुटते तेव्हा किनारा मागे मागे जातो म्हणतात. तो मला कठड्याशी उभं राहून बघायचाय. बाकी तुम्ही काय ते बघा."

"अगं, बघ की! नको कोण म्हणतंय?" काका मनापासून म्हणाले.

(कुटुंबाच्या इतिहासात 'नको' असे कोणीही कधीच म्हटलेले नाही. तशी वेळच येत नसे; तोवर बॅगा खाली ठेवून माणसे पांगलेली असत.)

बांधाबांधीला प्रारंभ झाला. जहाजावर एका रात्री औपचारिक पोशाखात जेवण असते, एवढे पत्रकात म्हटले होते. तेव्हा काकांचा कोट आला. कोट बॅगेत चुरगळणार, म्हणून इस्त्री आली. इस्त्रीची वायर आखूड, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आला. इस्त्री नुसतीच ठेवली तर बॅगेला आतून धक्के बसणार, म्हणून ती गुंडाळण्यासाठी दुसरा कोट घेण्यात आला. हा दुसरा कोट इस्त्रीभोवती गुंडाळल्याने वाईट चुरगळला, आणि इस्त्री नेणे किती गरजेचे होते हे सर्वांना पटले.

याच पद्धतीने पुढील वस्तूंची निवड झाली : पाणी तापवायची किटली (जहाजावरचा चहा कसा असेल, सांगता येत नाही), कपडे वाळत घालायची दोरी व चिमटे, विजेरी, विजेरी अंधारात सापडावी म्हणून दुसरी विजेरी, पेचकस, आणि बॅगांचे वजन करायचा लोंबता काटा, जो घातल्यावर वजन मर्यादेबाहेर गेले व जो काढल्यावर ते कळायला मार्ग उरला नाही.

"बाबा, दोरी जहाजावर असते," दंतवैद्य म्हणाली.

"त्यांची त्यांना लागते."

"आणि डासांची उदबत्ती? समुद्रात डास असतात?"

"नसले तर परत आणू. उदबत्ती काय, खायला मागतेय?"

काकूंनी आपल्यापुरती एक लहान पिशवी वेगळी भरायची इच्छा दर्शवली. काकांनी ती समजूतदारपणे नाकारली. सामान विभागले की जबाबदारी विभागली जाते, आणि विभागलेली जबाबदारी कोणाचीच नसते, हा भांडारशास्त्राचा पाया आहे. म्हणून सर्व बॅगांवर एकच नाव असावे असे ठरले. कंपनीच्या चिठ्ठ्यांवर भरवसा नको म्हणून काकूंनी प्रत्येक बॅगेला जाड कापडाची पट्टी शिवून दिली. तिच्यावर 'जबाबदार व्यक्ती' असे लिहून पुढे काकांचे संपूर्ण नाव, हुद्दा आणि कंसात 'निवृत्त' होते. पट्ट्या सुरेख झाल्या होत्या. काकूंनी दोरा दुहेरी घेतला होता. त्यांच्या स्वतःच्या हाती खांद्याला अडकवायची पर्स तेवढी राहिली. तिच्यात औषधे, चष्मा आणि कोणाच्या नजरेस न येता कोंबलेला कपड्यांचा एक जोड होता.

बंदरावर सर्वप्रथम एक धक्कादायक प्रकार पाहावा लागला. दाराशीच गणवेशातले हमाल उभे होते आणि लोक आपले सामान राजीखुशीने त्यांच्या स्वाधीन करून हात हलवत आत जात होते.

"द्या काका. खोलीच्या दाराशी आणून ठेवतो," हमाल म्हणाला.

"ओळख ना पाळख, आणि सामान देऊन टाकू?"

"सगळेच देतात, काका."

"तेच तर म्हणतोय मी! सगळेच देतात, मग माझं कुठलं, हे तुला कळणार कसं?"

हमालाने बॅगेवरची कापडी पट्टी वाचली, मग दुसऱ्या बॅगेवरची, मग तिसऱ्या. "कळेल," तो म्हणाला. "तुमचं विसरायला वेळ लागेल."

काका-काकूंची खोली नीटनेटकी होती. पलंग, कपाट, आरसा आणि या तिन्हींच्या मधून आडवे होऊन जाण्याइतकी वाट. बॅगा आलेल्या नव्हत्या. बोट सुटायला थोडा अवधी होता आणि वरच्या मजल्यावरून वाद्यांचा आवाज येऊ लागला होता. काकूंनी पर्स खांद्याला लावली. तेवढ्यात काका पलंगाच्या कडेला थबकले.

"एक काम करतेस का?" ते म्हणाले. "सामान आलं आणि आपण कोणीच नसलो तर पंचाईत. तू जरा बस. मी वर जाऊन कठड्याशी जागा धरतो. तुझ्यासाठीच."

येथे काकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते खरोखरच जागा धरणार होते. मागे एका टेकडीवरूनही सूर्यास्त पाहण्यासाठी त्यांनी काकूंची जागा धरली होती आणि अंधार पडेपर्यंत कोणालाही तेथे बसू दिले नव्हते.

पर्स खांद्यावरून उतरली. काकू पलंगावर बसल्या, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने पाय अशा बेताने ठेवले की दोन्ही बाजूंना एकेक बॅग राहावी. बॅगा तेथे नव्हत्या. दंतवैद्याने तोंड उघडले, मिटले आणि खिडकीबाहेर पाहिले.

काकांनी दाराच्या मुठीला हात घातला आणि त्याच क्षणी भिंतीवरचा ध्वनिक्षेपक घोगऱ्या आवाजात बोलू लागला. त्याने काकांचे संपूर्ण नाव घेतले, हुद्दा घेतला, 'निवृत्त'सुद्धा घेतले, आणि सदर गृहस्थांनी तातडीने खालच्या मजल्यावरील सुरक्षा कक्षात यावे, असे सांगितले.

सुरक्षा कक्षाच्या कार्यपद्धतीचे कौतुक करावे तितके थोडे आहे. जहाजावर आगीचे भय सर्वांत मोठे. म्हणून तापणारी, पेटणारी अथवा दुसऱ्याला तापवणारी कोणतीही वस्तू यंत्रात दिसली की ती बॅग बाजूला काढतात आणि मालकासमोरच उघडतात. आमच्या एका बॅगेत इस्त्री होती, दुसरीत किटली, तिसरीत बोर्ड, चौथीत उदबत्ती. जोखीम एके ठिकाणी साठू नये म्हणून काकांनी या वस्तू वेगवेगळ्या बॅगांत वाटून ठेवल्या होत्या. त्यामुळे आमची एकही बॅग वगळली गेली नाही. मी उचलायला म्हणून सोबत गेलो होतो.

"या सगळ्या उघडाव्या लागतील," सुरक्षा अधिकारी बाई नम्रपणे म्हणाल्या. "तुमचा नंबर येईपर्यंत सामानापाशी बसून राहा."

"बसायला माझी मिसेस येईल. तिला सवय आहे," काका म्हणाले. "मला वर जागा धरायचीय."

"ज्यांचं नाव असेल त्यांनीच बसायचं असतं. यांच्यापैकी एकीवर तरी त्यांचं नाव आहे का?"

काकांनी बॅगांकडे पाहिले. दुहेरी दोऱ्याने शिवलेल्या पट्ट्या एका ओळीत चमकत होत्या. "नाही," ते म्हणाले.

"मग तुमच्या मिसेस मोकळ्या आहेत," बाई म्हणाल्या, आणि मला जायची खूण केली.

निरोप घेऊन मी वर आलो. काकूंनी तो शांतपणे ऐकला, ज्याचे नाव त्यानेच बसायचे, असेच म्हणाल्या ना, एवढे एकदा विचारले आणि जिना चढताना त्या दंतवैद्याच्याही पुढे गेल्या.

बोट सुटली. कठडा थंड होता. काकूंनी त्यावर दोन्ही कोपरे टेकले. आधी बंदराचा धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाण्याची एक फट दिसली, शिवण उसवावी तशी. मग ती रुंद झाली. गोदामे लहान झाली, हात हलवणारी माणसे लहान झाली, एक लाल छप्पर बराच वेळ लहान व्हायला तयार नव्हते, तेही झाले. अहवालात नोंदवावे असे काहीच घडले नाही. शेजारच्या एका अनोळखी बाईंनी विचारले, "एकट्याच आलात?"

"नाही हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "हे आलेत ना. सामानापाशी बसलेत."

काका वर आले तेव्हा चहूकडे पाणी होते. सुरक्षा कक्षाला खिडकी नसते. मात्र तेथे त्यांचा वेळ उत्तम गेला होता. किटलीवाले एक सद्गृहस्थ, इस्त्रीवाले दोघे आणि शेगडी आणणारे एक दूरदर्शी प्राध्यापक भेटले होते, आणि 'सर्व आहे' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये याबाबत सर्वांचे एकमत झाले होते.

"जागा मिळाली वाटतं," काका म्हणाले. "बोट कधी सुटणार?"

"सुटली."

"सुटली? आणि मला सांगायला नको कोणी?"

"तुम्ही होतात ना सामानापाशी," काकू म्हणाल्या. "म्हटलं, काळजी नाही."

काकांनी मागे वळून पाहिले. किनारा असायला हवा होता तेथे एक रेघ होती, आणि ती ढगाचीही असू शकत होती. "कसा होता?" त्यांनी विचारले.

"सावकाश सांगते," काकू म्हणाल्या, आणि कठड्याशी थोड्या सरकल्या. काकांना उभे राहण्यापुरती जागा झाली.

पुढील प्रवास सुखाचा झाला. जप्त झालेल्या वस्तूंची पावती काकांनी जपून ठेवली आणि जहाजावर इस्त्रीची सोय आहे, हे कळल्यावर त्यांना मनस्वी दुःख झाले. बॅगा खोलीत रचल्यावर पलंगावर जाण्याची वाट बंद झाली, म्हणून त्या पुन्हा न उघडता तशाच बाहेरच्या बोळात ठेवाव्या लागल्या. काकूंचा पर्समधला जोड आणि जहाजावरच्या दुकानातले दोन अंगरखे यांवर दोघांचेही भागले.

पहिल्या जलपर्यटनाला निघणाऱ्यांस यातून घेण्यासारखा बोध असा : इस्त्री नेऊ नये, औषधे जवळ ठेवावीत, आणि बॅगांवर नाव घालताना घाई करू नये.

आतापर्यंत वाचकांपैकी बहुतेकांना काकांचे हसू आलेले असेल, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्या घरात असले काही चालत नाही. तरी खात्रीसाठी एक सोपी चाचणी सुचवतो. गेल्या सहलीचा एखादा फोटो काढा. सगळे ओळीने उभे आहेत, पाठीमागे डोंगर किंवा समुद्र आहे, आणि मध्यभागी तुम्ही हात पसरून हसत आहात. फोटो छानच आला आहे. फक्त तुमचे दोन्ही हात मोकळे कसे, एवढेच पाहा; आणि त्या वेळी तुमची बॅग कोणाच्या मांडीवर होती, ते त्यांनाच विचारा. त्या फोटोत नाहीत.