भिंगारदिवे सरांची ग्रंथतुला

नेवाशाच्या वाचनालयात योसेफ भिंगारदिवे फेटा बांधून तराजूच्या पारड्यात बसले, तेव्हा जन्माचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं. एकोणीस देश एकट्यानं पालथे घालून त्यांनी सात प्रवासवर्णनं लिहिली होती. आज त्यांच्या वजनाइतकी पुस्तकं दुसऱ्या पारड्यात पडणार आणि ती वाचनालयाला मिळणार होती. शिवाय तत्त्वज्ञानाच्या नव्या कपाटाला त्यांचं नाव लागणार होतं. प्रवासात आपण फक्त तत्त्वज्ञान वाचतो, असं सर तीस वर्षं प्रत्येक भाषणात सांगत आले होते.

घोळ झाला तो वजनाचा. अध्यक्ष गोरक्षनाथांनी विचारलं तेव्हा सरांनी पासष्ट किलो सांगितलं होतं, ते पहिल्या पासपोर्टच्या काळातलं. आणलेली सगळी पुस्तकं चढली, तरी सरांचं पारडं जमिनीला चिकटलेलंच. तुला अर्धवट टाकून उठायचं नसतं, म्हणून सर मांडी घालून बसून राहिले आणि अध्यक्षांनी सरांच्या पत्नी मेरीबाईंना घरून थोडी पुस्तकं आणायला सांगितलं. घर मागच्याच गल्लीत होतं.

पंधरा मिनिटांत बाईंनी हिरवी पत्र्याची पेटी रिक्षातून उतरवून घेतली. ती पाहून सर पारड्यातच पुढे झुकले.

"अगं, हॉलमधल्या कपाटातली आणायची ना," ते पुटपुटले.

"त्याची किल्ली कुटं हाय? तुमी कदी उघडलंय का ते?" बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "रोज वाचता ती आनली."

तोवर ग्रंथपाल राजेश्वरीताईंनी माईक हातात घेतला होता. पारड्यात पडणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचं नाव पुकारायची तिथली पद्धत. "हडळीचा हुंडा," ताई म्हणाल्या आणि थबकल्या. मग "विहिरीतला हात" आणि पाठोपाठ "स्मशानातलं सासर". अध्यक्षांचा आ वासलेला राहिला. तीस वर्षांची अब्रू त्या पेटीतून एकेक करून बाहेर येत होती आणि त्यांना जागचं हलताही येत नव्हतं.

नवऱ्याचा पांढराफटक चेहरा पाहून मेरीबाईंनी पदर सावरला. "माजी हायेत ती पुस्तकं," त्या म्हणाल्या. "मला लई नाद हाय."

लोक हसले. सरांचा जीव भांड्यात पडला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको इतकी गोड कधी वाटली नव्हती.

"काकू, ह्या विहिरीतल्या हाताचं शेवटचं पान फाटलंय," राजेश्वरीताईंनी कुतूहलानं विचारलं. "हात कुणाचा होता हो?"

बाईंनी अंदाजानं ठोकून दिलं. "दिराचा."

सरांनी ओठ घट्ट मिटले. फेटा सारखा केला. छताकडे पाहिलं. पण काही केल्या राहवेना.

"दिराचा कसा असेल? दीर पहिल्याच प्रकरणात मेलाय. हात सासऱ्याचा."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मेरीबाईंनी कपाळाला हात लावला. नेमकं तेव्हाच शेवटचं पुस्तक पडलं आणि सर फेट्यासकट अधांतरी उचलले गेले. आता तोंड लपवायलाही जागा उरली नाही.

मागच्या रांगेतल्या बायडाबाई खुर्ची ओढत पुढे आल्या. "मंग, सर? म्या निम्मंच वाचलंय ते. सासरा तर पंढरीत मास्तर हुता. त्याचा हात हिरीत कसा आला?"

त्यांच्यामागून आणखी खुर्च्या सरकल्या. अध्यक्षही टेकले. सर लोंबकळत्या पारड्यातून सगळ्यांकडे बघत राहिले. सात प्रवासवर्णनं झाली, पण "मंग?" असं त्यांना आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"माईक द्या इकडे," ते म्हणाले.