चार चौक आणि एक पाइप

विद्यापीठाच्या नव्या आवाराच्या फाटकात आर्किटेक्टसाहेबांनी कोट झटकला आणि कुलगुरूबाईंना म्हटलं, "या. सभागृह चार मिनिटांवर आहे. आवार दाखवतच नेतो."

सभागृहात दीडशे माणसं उद्घाटनासाठी खोळंबली होती. वसतिगृहाचं पुढचं काम कुणाला द्यायचं, तेही बाई आजच ठरवणार होत्या. त्यामुळे साहेब छाती फुगवून चालत होते आणि दर चार पावलांनी कोट सारखा करत होते. त्यांची बायको दोन पावलं मागून येत होती.

"कुठलाही विभाग थोरला नाही, कुठलाही धाकटा नाही," साहेब हात फिरवत सांगू लागले. "म्हणून चारही चौक अगदी सारखे. त्याच कमानी, तीच बाकं."

"छान," बाई म्हणाल्या.

पहिला चौक ओलांडून साहेब डावीकडे वळायला गेले आणि थबकले. तीन वर्षं ते इथे कंत्राटदाराच्या पत्र्याच्या शेडवरून वळत आले होते. ते शेड कालच काढलं होतं! हे आवार त्यांना कागदावर, वरून, तोंडपाठ होतं. आत उभं राहिल्यावर मात्र चारही बाजूंना कमानीच कमानी. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि उजवीकडची कमान धरली.

दहा मिनिटं गेली.

"हा चौक मघाशी झाला ना?" बाईंनी विचारलं.

"तो पहिला. हा तिसरा."

"तिथेही बाकाखाली पिवळी बादली होती."

"बादल्याही सारख्याच घेतल्यात, बाई."

बायको कानाशी येऊन पुटपुटली, "अहो, हरवलात ना?"

"हळू बोल. मी आवार दाखवतोय."

"तीनदा?"

तेवढ्यात एका नवख्या मुलीनं विचारलं, "काका, गणित विभाग कुठंय?"

साहेबांना ते ठाऊक असतं, तर आणखी काय हवं होतं! ते गंभीरपणे म्हणाले, "शोध. शोधण्यातच खरं शिक्षण आहे." मुलगी भारावून त्यांच्याच मागून चालू लागली. इतक्या ऐटीत कोट घालून चाललेला माणूस कुठेतरी नक्की पोचणार, असं मग बऱ्याच जणांना वाटलं. रसायनाचे दोन प्राध्यापक आले, अर्ज घेऊन फिरणारे एक आजोबा आले, ग्रंथालय शोधणारा अख्खा वर्ग आला. पाऊण तासात मागे चाळीस माणसांची वरात झाली. आजोबा प्राध्यापकांना शाळेतले किस्से सांगत होते, कुलगुरूबाई मुलींशी गप्पा मारत खळखळून हसत होत्या. फक्त साहेबांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

चौकात एक माळीणबाई लांबलचक पाइपानं हिरवळीला पाणी घालत होती. "तिला विचारते," बायको म्हणाली.

"माझ्याच आवारातली वाट माळणीला विचारायची? लाज जाईल!"

"बरं, नाही विचारत." बायकोनं पाइपाकडे बघितलं. "पण पाइप कुठल्यातरी नळाला जोडलेला असणार. आणि सभागृहाच्या मागच्या एकाच नळावर सगळी हिरवळ भिजते, हे कौतुक तुम्हीच गेला महिनाभर मला ऐकवताय."

साहेबांनी एकवार बायकोकडे पाहिलं. मग घसा खाकरून ते वरातीला म्हणाले, "आता आपण पाण्याची व्यवस्था पाहू!"

पाइपामागून वळणं घेत सगळी वरात सभागृहाच्या मागच्या दारात पोचली. आतल्या दीडशे लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. त्यातल्या बऱ्याच टाळ्या सुटकेच्या होत्या.

समारंभ संपल्यावर कुलगुरूबाईंनी साहेबांना खांबाआड बोलावलं.

"वसतिगृह तुम्हीच बांधायचं. इतक्या वर्षांत मी मुलांशी एवढा वेळ कधी बोलले नव्हते." मग बाईंनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "आता एक खासगी काम. मला माझ्या केबिनपर्यंत पोचवा."

"म्हणजे?"

"सोमवारी माझं कार्यालय इथे हलवलं, पण केबिन मला अजून सापडलेली नाही. आज तुमच्या मागोमाग फिरले, म्हटलं, वाटेत लागेल. चार दिवस मी भौतिकशास्त्राच्या सामानाच्या खोलीत बसतेय."

"अरे बापरे! आणि कुणाला कळलं नाही?"

"कळणार कसं? मी कुणाला सापडलेच नाही. ना फोन, ना बैठका. वर्षाचं तुंबलेलं काम चार दिवसांत उरकलं." बाई क्षणभर विचारात पडल्या. "केबिन सापडली ना, साहेब, तर फक्त मला सांगा. बाकी कुणाला नको."