उशिरा की उशाला?

माझ्या कानाबद्दल मी कधी बढाई मारत नाही. फक्त खरं ते सांगतो! शेजारच्या घरात दूध उतू जायच्या बेताला आलं, की मी भिंतीच्या अलीकडून ओरडतो, "गॅस बंद करा!" पंखा कुरकुरला तर कुठला स्क्रू ढिला आहे ते मी डोळे मिटून सांगतो. असा कान लाभलेल्या माणसाने धंदा तरी दुसरा कसला करावा? मी कानाच्या मशीनचं दुकान टाकलं.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझ्या सख्ख्या सासऱ्यांनाच ऐकू येत नाही, आणि मशीनचं नाव काढलं की ते म्हणतात, "मला सगळं ऐकू येतं. हल्ली लोकच पुटपुटतात!" आयुष्यभर त्यांनी वाचनालयात नोकरी केली. तिथे मुळात कुणी बोलतच नाही, त्यामुळे आपल्याला ऐकू येईनासं कधी झालं हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यातून स्वभाव कमालीचा भिडस्त. बसमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय देऊन उभं राहिलं, तर ते तो माणूस उतरायची वाट बघतात!

"काल म्हटलं, पाठ दुखतेय," सासूबाई एकदा सांगत होत्या, "तर म्हणाले, हो, छान झालीय! मी भिंतीशीच बोलते हल्ली."

सगळे हसले. मला मात्र वाईट वाटलं. तेवढ्यात त्यांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस तोंडावर आला आणि मी छाती ठोकून सांगून टाकलं, "आई, त्या संध्याकाळी बाबांच्या कानात मशीन असेल आणि तुमचं ते गाणं तुम्ही दोघं शेजारी बसून ऐकाल. कुणाच्या आवाजातलं लावायचं, ते माझ्यावर सोडा. कान आहे मला!"

त्यांचं ते गाणं म्हणजे एक जुनं प्रेमगीत. ज्याला म्हणून गळा आहे त्याने ते गायलंय, आणि ज्याला नाही त्याने तर हटकून गायलंय. 'उशिरा ये, पण ये सखे, दिवा ठेवीन जागता...'

मी ओळ गुणगुणली, तर सासूबाईंनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"उशिरा नाही हो, जावईबापू. उशाला!"

"काय?"

"'उशाला ये, पण ये सखे!' ह्यांनी वाचनालयात कपाटाच्या मागे मला हळूच म्हणून दाखवलं होतं. मी तर लाजून चूर! म्हटलं, लोक नुसते बघतात, हा सरळ उशाला बोलावतोय! एवढा धीट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिथल्या तिथे ठरवलं, लग्न करीन तर ह्याच्याशीच."

सासरे आणि धीट? मी जवळजवळ खुर्चीवरून पडलो.

"आई, नक्की उशालाच ना?"

"माझे कान शाबूत आहेत! कुणीतरी गायकाने तसं गायलंच असणार, ह्यांनी त्याचीच नक्कल केली. तेवढा एक शोधा. बाकीचे सगळे घाबरट मेले!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून दुकानात गाण्यांचा कारखाना सुरू. मूळ गायक ऐकला. शब्द न् शब्द इस्त्री करून ठेवलेला. 'उशिरा.' मग एक गायिका. तिने 'सखे'चं 'सख्या' केलं होतं आणि त्या 'उशिरा'वर इतकी रेंगाळली, की सख्या येऊन कंटाळून परत गेला असेल. एका नव्या पोराने मागे असे ड्रम बडवले होते, की हा सखीला बोलावतोय की हाकलतोय, समजेना. एका मैफलीत श्रोत्यांनी नेमक्या त्याच शब्दावर टाळ्या पिटल्या. शेवटी उरला एक नाकात गाणारा. आवाज असा, की नाकाला चिमटा लावूनच गायला बसला असावा. पण कान देऊन ऐकलं, तर त्याचंही 'उशिरा'च!

मी तेच परत ऐकावं म्हणून कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि घोटाळा झाला. आमच्या दुकानात चाचणीसाठी काचेची बंद खोली आहे. आत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, शिट्टी ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. त्या खोलीत मी एका निवृत्त मुख्याध्यापिकांना बसवून ठेवलंय, हे गाण्याच्या नादात माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. शिट्टीच्या जागी त्यांच्या कानात थेट नाकातला प्रियकर गेला!

आत लाल दिवा लुकलुकू लागला. बाई बटण दाबत होत्या. मग बडवू लागल्या. मग दार उघडून पर्स उगारतच बाहेर आल्या.

"अहो, तुमच्या मशीनमधला गृहस्थ मला 'उशाला ये' म्हणतोय! माझं वय काय, त्याचं बोलणं काय!"

"काय म्हणाला?" मी आनंदाने उडीच मारली. "बाई, पुन्हा एकदा सांगा!"

"पुन्हा? लाज नाही वाटत?"

"नेमका शब्द तेवढा सांगा हो!"

"उशाला! उशाला! उशाला!" बाई गरजल्या. बाकावर बसलेलं एक जोडपं उठून चालतं झालं.

आता बघा. माझ्या कानाला 'उशिरा' ऐकू येत होतं. पण एकीकडे सासूबाई, दुसरीकडे साक्षात मुख्याध्यापिका! आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवला. बाई कान तपासायलाच आल्या होत्या आणि त्यांची चाचणी अजून व्हायची होती, ही क्षुल्लक बाब माझ्या डोक्यात आली नाही. नाकात गाणाऱ्याची निवड पक्की झाली.

वाढदिवसाला घर भरून गेलं होतं. सासऱ्यांच्याच वयाची मंडळी. दर दुसरा माणूस कानामागे हात धरून "आँ?" करत होता. मला तर ते पाहुणे वाटेचनात, गिऱ्हाइकंच वाटत होती! तिघाचौघांनी तर उद्या दुकानात येतो म्हणून कबूलही केलं होतं. बाबांनी नेहमीप्रमाणे आढेवेढे घेतले. शेवटी माझी बायको म्हणाली, "एका गाण्यापुरतं लावा, बाबा. आईसाठी." तेव्हा कुठे त्यांनी कान पुढे केला.

मशीन सुरू झालं. बाबांनी दचकून वर बघितलं.

"हा पंखा एवढा आवाज करतो?"

"बरं दिसतंय हो कानात," सासूबाई हळूच म्हणाल्या.

बाबा झटकन त्यांच्याकडे वळले. "अगं, तुझा आवाज ऐकू आला! पहिल्यासारखाच आहे की!"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी ऐटीत गाणं लावलं. 

नाकातला प्रियकर गाऊ लागला. ओळ आली आणि सासूबाईंनी बाबांच्या हातावर चापट मारली.

"हाच! हाच तो! ऐकलंत? उशाला ये!"

"उशिरा म्हणतोय तो," बाबा म्हणाले.

"उशाला!"

"अगं, मशीन लावलंय मी. स्वच्छ ऐकू येतंय, उशिरा. आणि मीही तेच म्हटलं होतं. तू पुस्तकं कायम उशिरा आणायचीस. तोंडावर दंड मागायची हिंमत होईना, म्हणून ती ओळ म्हटली!"

नाकातला तेवढा गात राहिला.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही मला पुस्तकाची आठवण करून देत होता?"

त्यांचा चेहरा मला बघवेना. चाळीस वर्षं जपलेला धीट नवरा, आणि तो दंडाची पावती निघाला! मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी परत गाण्याकडे बघितलं.

बाबा त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"जावईबापू, हे बिघडलेलं दिसतंय. भलतंच काहीतरी ऐकवतंय. गाणं पहिल्यापासून लावा."

मी लावलं. बाबांनी कानामागे हात धरला, मान डोलावली आणि भरल्या घरात खणखणीत आवाजात म्हणाले, "उशालाच की! मी म्हटलं होतं तसंच!"

"मग? मी काय सांगत होते!" सासूबाई अशा लाजल्या, की चाळीस वर्षं एका झटक्यात गळून पडली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता शेजारच्या पाहुण्याचं बोलणं कानावर आलं. माझा कान तो! "सख्ख्या सासऱ्याला बिघडलेलं मशीन देतो, तर आपल्याला काय देईल?" उद्या येतो म्हणालेल्या प्रत्येकाला उद्याची महत्त्वाची कामं आठवली.

सकाळी दुकान उघडतोय, तर बाबा पायरीवर उभे.

"ते मशीन द्या. रोज लावणार. काय काय बोलते ती दिवसभर, कळू तरी दे."

"देतो की! आणि बाबा, आईंचीही एकदा चाचणी करू या का?"

"खबरदार!" ज्या माणसाने जन्मात कुणाला 'जरा सरका' म्हटलं नव्हतं, तो माझ्यावर ओरडला. "तिला जे ऐकू येतं, तेच बरोबर आहे!"

आता तुम्हीच सांगा, असं प्रेम बघितल्यावर माणूस पेटून उठणारच ना? दुपारी मी घरी गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मागून गेलो, तिच्या कानाशी वाकलो आणि सगळा जीव आवाजात ओतून म्हटलं, "उशाला ये, पण ये सखे..."

"उशिरा येणार?" ती मान वर न करता म्हणाली. "मग किल्ली घेऊन जा."

मी मुकाट्याने किल्ली घेतली.