मार्गळीत मंदावलेला मीटर

मेलकावेरीचे कल्याणराम राव स्वतःची ओळख "दक्षिण हिंदुस्थानातलं सर्वांत तीक्ष्ण नाक" अशी करून देत. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गुप्तहेरगिरी पत्करली होती. तीन वर्षांत एकही चोर सापडला नव्हता. त्यांच्या मते, सगळे घाबरून गाव सोडून गेले होते.

त्यामुळे शेजारच्या वरदराजांनी वीज कंपनीची नोटीस पुढे धरली, तेव्हा त्यांना गहिवरूनच आलं. मार्गळीच्या, म्हणजे धनुर्मासाच्या, थंडीत लोक पहाटे ऊन पाण्यानं न्हात. गावात ज्या चार घरी विजेचे बंब होते, त्यांचे मीटर या महिन्यात सुसाट धावत. वरदराजांचा मात्र निम्म्यावर आला होता. कंपनीला लबाडीचा संशय होता; आज चार वाजता इन्स्पेक्टर तारा कापायला येणार होता.

"अहो राव, परवा मुलीला पाहायला येताहेत," वरदराज रडकुंडीला आले. "अंधारात दाखवू तिला?"

कल्याणरामांना प्रथम मीटरमध्ये पाल दिसली. ती त्यांच्याच मिशीची सावली निघाली. मग त्यांनी वरदराजांची मान हुंगली. घरात कोणी न्हातच नसेल!

"साबण," ते खिन्नपणे म्हणाले.

आता एकच संशय उरला: कुठेतरी लपवलेली चोरटी बॅटरी. जिन्याखाली भाताच्या तुसाचा ढीग होता. त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि किंचाळले, "धावा! यंत्र गरम आहे, जिवंत आहे!"

वरदराजांची बायको कामाक्षी धावत आली. "अय्यो मामा, पाणी सांडेल माझं!"

तिनं तुसातून काजळी फासलेला हंडा काढला. रोज सकाळी ती असे हंडे गच्चीवर काचेखाली ठेवी. दुपारी तीनपर्यंत ऊन खाऊन पाणी कढत होई, आणि तुसात ते पहाटेपर्यंत ऊन राही. बंब महिनाभर बंदच होता.

"मला का नाही सांगितलंस?" वरदराज म्हणाले.

"रोज न्हाताना म्हणता, विजेच्या पाण्याची मजाच वेगळी. हिरमोड कशाला करू?"

एवढ्यात इन्स्पेक्टर शंकरनारायण आला. त्यानं कामाक्षीची हकीकत ऐकून हंड्यात बोट बुडवलं, झटकन काढून फुंकलं आणि नोटीस फाडून टाकली.

"मी म्हणतच होतो, बाहेरच्याचा हात आहे!" कल्याणराम गरजले. "गुन्हेगार सूर्य! पकडा त्याला!"

"पकडतो की. पत्ता?"

कल्याणरामांनी गंभीरपणे वही उघडली.

"सकाळी पूर्व, संध्याकाळी पश्चिम. लिहून घ्या, फरारी आहे."