कानटोपी, माकडटोपी आणि येसूमावशीचा मोजा

एका जंगलात, बाळांनो, थंडी सगळ्यांना सारखीच वाजायची. वाघाला जेवढी, तेवढीच उंदराला. फरक एवढाच, की उंदीर कुडकुडायचा आणि वाघ म्हणायचा, "आम्ही विचारात आहोत."

या जंगलात येसूमावशी नावाची साळिंदर राहायची. अंगभर काटे, पण बोलणं मऊ. जंगलाच्या कडेने धनगरांची मेंढरं जात, तेव्हा बोरीच्या झुडपांना लोकर अडकून राही. मावशी ती वेचून आणायची, कातायची, आणि स्वतःच्याच गळून पडलेल्या दोन काट्यांवर विणत बसायची. दोन टाके सुलट, दोन उलट. गप्पा मारायला कोणी आलं तर गप्पा मारायची, पण हात थांबायचे नाहीत.

शेजारच्या करवंदीच्या जाळीत धोंडूअप्पा ससा राहायचे. अप्पांचे डोळे अधू झाले होते, गुडघे दुखत होते, पण कान मात्र शाबूत होते. रानकुत्री टेकडीपलीकडे असली तरी अप्पांना चाहूल लागायची. ते पाय आपटायचे, आणि लहानसहान जनावरं पटापट बिळात शिरायची. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. कोणी आभारही मानत नव्हतं. त्यामुळे ते नीट चाललं होतं.

त्या वर्षी थंडी फारच पडली. अप्पांचे कान बधिर झाले. एका सकाळी रानकुत्री पार दहा पावलांवर आली तरी त्यांना कळलं नाही. बाकीचे कसेबसे वाचले, तितराचं शेपूट मात्र गेलं.

अप्पा मावशीकडे आले आणि म्हणाले, "येसूबाई, आता माझा काय उपयोग?"

मावशीने त्यांच्या डोक्याचं माप घेतलं.

तिसऱ्या दिवशी अप्पा नवी टोपी घालून बाहेर पडले. कान झाकलेले, हनुवटीखाली नाड्या. वीण इतकी हलकी, की ऊबही राही आणि ऐकूही येई.

"वा, अप्पा! कानटोपी झकास आहे," मुंगूस म्हणालं.

"कानटोपी कसली?" भेकर म्हणालं. "माकडटोपी म्हणतात तिला."

एवढंच झालं, बाळांनो. पण वरच्या फांदीवर माकडांचे पुढारी हुप्पाजीराव बसले होते.

"कोण आमचं नाव घेतंय?" ते ओरडले. "टोपी सशाची, विणली साळिंदराने, लोकर मेंढीची. यात माकड कुठून आलं? हा आमचा अपमान आहे!"

निम्म्या माकडांना ते पटलं. उरलेल्या निम्म्यांना भलतंच पटलं. ती म्हणाली, "माकडटोपी म्हणजे माकडांची टोपी. सशाने ती घातलीच कशी?"

दुपारपर्यंत दोन मोर्चे निघाले. एक म्हणे, "नाव काढा!" दुसरा म्हणे, "टोपी काढा!" दोन्ही मोर्चे अप्पांच्या जाळीसमोर आले आणि अप्पांनी घाबरून टोपी काढली.

प्रकरण वाघोबा महाराजांकडे गेलं. महाराजांनी हुकूम काढला : कानटोपी आणि माकडटोपी यांत फरक काय, हे ठरेपर्यंत कोणीही कानटोपी किंवा माकडटोपी विणू नये, घालू नये, मागू नये. अप्पांची टोपी पुरावा म्हणून दरबारासमोरच्या फांदीवर टांगली गेली. तिथे तिच्यामुळे फांदीला ऊब मिळू लागली.

फरक शोधायला घुबडशास्त्र्यांना नेमलं. जंगलातले सगळे शब्द त्यांना ठाऊक होते. अडचण एकच, की दरबार दिवसा भरायचा.

"बाई," शास्त्र्यांनी मावशीला विचारलं, "ही कानटोपी की माकडटोपी?"

"डोक्यात घालायची आहे, शास्त्रीबुवा."

"तो मुद्दा इथे नाही." शास्त्र्यांनी पान उलटलं. "आमच्या मते, हनुवटीखाली नाड्या बांधल्या तर ती कानटोपी. नाड्या नाहीत आणि मानेपर्यंत ओढून घेतली, तर ती माकडटोपी."

सगळे माना डोलवू लागले. तेवढ्यात कोल्हा उठला. "आणि नाड्या आहेत, पण बांधल्याच नाहीत, तर?"

शास्त्र्यांनी डोळे मिटले. दरबार अदबीने थांबला. ते विचार करत नसून झोपलेत, हे कळायला तास गेला. मग पुढची तारीख पडली.

अशा पाच तारखा पडल्या. हत्तीचे कान टोपीत मावत नाहीत, मग त्याच्यापुरती तिला काय म्हणायचं, यावर एक पूर्ण दिवस गेला. सापाला कानच नाहीत, यावर दुसरा. सापाने तर टोपी मागितलीही नव्हती.

इकडे अप्पा दोन्ही कान पंजांत धरून बसलेले असायचे. रानकुत्री पुन्हा आली. अप्पांना ऐकू आलं नाही. गवतात लावा पक्ष्यांचं एक जोडपं राहायचं. त्यातला एकच उरला.

त्या दिवशी येसूमावशीचे हात थांबले. ती दिवसभर गवताकडे बघत बसली. उरलेला लावा तिथेच इकडून तिकडे फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. संध्याकाळी मावशी उठली आणि तिने लोकरीचं गाठोडं सोडलं.

सकाळी ती अप्पांकडे गेली. "घ्या, अप्पा."

अप्पा दचकले. "येसूबाई, बंदी आहे!"

"बंदी टोपीवर आहे. हा मोजा आहे."

"एकच?"

"एकच."

"मग पायात घालू?"

"पाय गारठलेत का?"

"नाही. कान."

"मग जिथे गारठलंय तिथे घाला."

अप्पांनी मोजा डोक्यात घातला आणि बाहेर पडले. वाटेत पहाऱ्यावरच्या तरसाने अडवलं. "काय हो, टोपी?"

"मोजा आहे," अप्पा म्हणाले.

तरसाने हुकूम वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. मोजा कुठेच नव्हता. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "माझ्या मापाचा मिळेल का?"

आठवड्याभरात निम्म्या जंगलाच्या डोक्यावर मोजे आले. हुप्पाजीरावही आले, शिंका देत. "माझी भूमिका कायम आहे," ते म्हणाले. "मोजा गडद रंगाचा द्या."

एका दुपारी मागच्या वाटेने खुद्द वाघोबा महाराज आले. त्यांचे कान लालभडक झाले होते.

"बाई, एक लक्षात ठेवा. आम्हाला आजवर कोणी टोपी घातलेली नाही, आणि घालणारही नाही."

"मोजा आहे, महाराज."

"दुहेरी विणीचा हवा. राजाला शोभेल असा."

मावशीने चांगला जाड विणून दिला.

अखेर निकालाचा दिवस उजाडला. सगळा दरबार डोक्यात मोजे घालून बसला होता. घुबडशास्त्री पळसाची तीनशे पानं घेऊन उभे राहिले आणि वाचू लागले. खूप वाचलं. शेवटी म्हणाले, "सबब, महाराज, फरक आहे."

"काय?" महाराज म्हणाले.

"फरक आहे!"

"काय आहे?"

महाराजांना त्या जाड मोज्यातून काहीच ऐकू येत नव्हतं. तो काढावा, तर थंडी फार. ऐकू येत नाही म्हणावं, तर राजाला शोभत नाही. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "पुढची तारीख."

शास्त्री खूश झाले. त्यांच्याजवळ अजून पळसाची पानं होती.

त्याच दिवशी दरबार उठता उठता अप्पांनी मान वळवली. टेकडीपलीकडे काहीतरी वाळक्या पाल्यावरून चालत होतं. अप्पांनी पाय आपटला. एकदा, दोनदा. मुंगूस पळालं, भेकर पळालं, उरलेला लावा उडाला. रानकुत्री आली, रिकामं गवत हुंगून निघून गेली. अप्पा जाळीत बसून धापा टाकत होते आणि हसत होते.

त्या वर्षी घुबडशास्त्र्यांनी आपला कोश सुधारला. त्यात लिहिलं, 'मोजा : डोक्यात घालायचं लोकरीचं वस्त्र.'

मग एकदा टिटवी येसूमावशीकडे आली. "मावशी, ओढ्यात उभं राहून राहून पाय गारठलेत. पायांसाठी काहीतरी विणून दे ना."

मावशीने आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"मोजे आता डोक्याचे झाले, बाई. टोपी म्हणावं, तर तिच्यावर बंदी आहे." तिने काटे हातात घेतले. "थांब. तुला दोन पिशव्या विणते."

तात्पर्य : कुडकुडणाऱ्याला घाईने टोपी देऊ नये. आधी तिचं नाव ठरवावं. नाव ठरेपर्यंत उन्हाळा येतो आणि टोपीची गरजच उरत नाही. शहाण्या राज्यात प्रश्न असेच सुटतात. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी खुशाल मोजे विणावेत.